बाबा म्हणायला मनाई

बालाघाटात माझे पाय टेकले ते आमच्या मिलच्या बडेबाबूंमुळे, म्हणजे मोठ्या कारकुनांमुळे. हे आधीच लिहून ठेवते. पुढे मी जे सांगणार आहे त्यात ते थोडे हसण्यासारखे दिसतील, आणि वाचणाऱ्याने त्यांना नुसतं हसून सोडून दिलं तर मला चैन पडणार नाही. माझा स्वभावच तसा, कशाचाही घोर लावून घेणारा.

आम्ही पाटणकडचे. यांनी कोयनेच्या बोगद्यावर ड्रिलचं काम केलं होतं. ते काम आटपत आलं तेव्हा एका ठेकेदाराने तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीवर चला म्हटलं, आणि आम्ही निघालो. वर्ष पुरतं झालं नव्हतं तोच खाणीत दगड सरकला आणि यांचा पाय घोट्यापाशी चिरडला. बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात आणून टाकलं. खाट त्यांची, खाटेखालची जागा माझी. माझे वडील गेले तेव्हा मी सहावीत होते, शाळा तिथेच सुटली होती. हिंदी येत नव्हतं आणि इथलं मराठीही अर्धंमुर्धंच कळायचं. एकदा नर्सबाईंनी विचारलं, "काहून रडून राह्यली वो?" तर 'काहून' म्हणजे काय असेल, या विचारातच माझं रडं थांबलं.

शेजारच्या खाटेवरच्या आजारी माणसाच्या बायकोने राइस मिलचा रस्ता दाखवला. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. आत जायची छाती होईना आणि परत जाऊन यांना काय सांगायचं तेही कळेना. ऊन चढलं. तेवढ्यात आतून काळा कोट घातलेले, बारीक चणीचे एक गृहस्थ उघडी छत्री घेऊन आले, आणि फाटकातून उन्हात पाऊल टाकताच त्यांनी छत्री मिटली.

"आपण कोणासाठी थांबला आहात?"

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मला तोवर जन्मात कोणी 'आपण' म्हटलं नव्हतं.

"काम पाहिजे होतं जी."

"दाभण धरता येतो?"

"वाकळ शिवते."

"दाखवा."

आत नेऊन त्यांनी एक भरलेलं पोतं माझ्यापुढे उभं केलं, दाभण आणि सुतळी हातात दिली. वाकळीवर बसलेला माझा हात पोत्यावर चालेना, टाके कुत्र्याच्या शेपटीसारखे वाकडे पडले. ते वाकून बघत राहिले. पोतं आडवं केलं, हलवलं.

"टाका वाकडा चालेल," म्हणाले. "तांदूळ सांडता कामा नये. उद्या सकाळी या."

ना शाळा विचारली, ना जात, ना वय, ना नवरा कुठे असतो ते. त्या दाभणावर यांचं औषध चाललं, दूध चाललं, पुढे भाड्याची खोली झाली.

छत्रीचं कोडं मला दुसऱ्या दिवशी उलगडलं. मिलमध्ये सारखा भुसा उडतो. तो कोटावर बसू नये म्हणून बडेबाबू आत छत्री उघडत, आणि बाहेर भुसा नाही म्हणून ती मिटत. मे महिन्याच्या उन्हातही मिटलेली छत्री काखेत घेऊन बोडक्या डोक्याने घरी जात. कोणी विचारलं तर म्हणत, "ऊन झटकता येतं. भुसा झटकत नाही."

ते सगळ्यांना 'आपण' म्हणत. मिलच्या कुत्र्यालाही म्हणत. इंजिन तापलं की त्याच्यापाशी उभे राहून हळू आवाजात, "आपण जरा थांबावं हे बरं," असं म्हणताना मी स्वतः ऐकलं आहे. मिलचे मालक गोंदियाला असत, त्यामुळे इथे बडेबाबूच सगळं काही. पण त्यांना पाहून कोणाला भीती वाटत नसे. भीती त्यांनाच वाटायची, आणि तीही फक्त साहेब लोकांची. कोणताही सरकारी माणूस काही बोलून गेला की ते त्यांच्या मनात रुतून बसे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "साहेब बोलले म्हणजे काही समजूनच बोलले असतील. आपल्याला नीट समजलं नाही तर जरा जास्त करावं, कमी करू नये."

आगीच्या तपासणीला आलेले एक साहेब जाता जाता म्हणाले, पाणी हाताशी ठेवत जा. झालं, मिलभर बादल्या आल्या. एक बादली बडेबाबूंच्या स्वतःच्या टेबलाखाली ठेवली गेली, कारण आग टेबलालाही लागू शकते. दिवसातून एकदा तरी त्यांचा पाय त्या बादलीत जायचा. पटकीच्या साथीत डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून घ्या, तर त्यांनी पाय धुवायच्या हौदाखालीही चूल पेटवायला लावली. उकड्या तांदळाला इथे उसना म्हणतात. हमालांतून आवाज आला, "बड़े बाबू, हमको भी उसना चावल बनाओगे क्या?"

हे म्हणणारा गेंदलाल. हमालांचा पुढारी म्हणा, टवाळ म्हणा, दोन्ही होता.

आता फळीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भरलेली पोती ट्रकमध्ये चढवायला एक लांब लाकडी फळी तिरपी टाकलेली असे. हमाल पाठीवर पोतं घेऊन तिच्यावरून वर जात. दुसरं काम होतं पटांगणातलं. उकडलेलं धान उन्हात पसरायचं आणि अनवाणी पायांनी त्यात तास पाडत फिरायचं, म्हणजे ते सगळीकडून वाळतं. पाय भाजतात, पण पाठ मोडत नाही. फळीवरून पटांगणात कोणी कधी यायचं, याला काही हुकूम नव्हता. ते हमालच ठरवत, आणि एका शब्दाने ठरवत. एखाद्या दिवशी फळीच्या तोंडाशी मागचा गडी पुढच्याला म्हणे, "बाबा, द्या इकडं." बस्स. ज्याला बाबा म्हटलं त्याची पाठ मोकळी झाली. मजुरी मात्र तीच राहायची.

किरनापूरकडचे दौलत असेच बाबा झालेले. त्यांनीच मला सांगितलं होतं. "गेंदलालनं पहिल्यांदा मले बाबा म्हनलं ना पोरी, तं मी त्याच्या अंगावर धावून गेलतो. म्हनलं, बाबा असन तुया बाप! दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हने, बाबा द्या. तवा बी नाही देल्लं. तिसऱ्या दिवशी कंबर अशी धरली होती, का त्यानं 'बा' म्हनलं अन् मी पोतं देऊन मोकळा."

दौलतबाबा मला 'पोरी' म्हणत. येताना गावाकडची भाजी आणत, पदरात टाकत. मिलमध्ये कोणी मला वहिनी म्हणे, कोणी बाई. गावापासून इतक्या लांब आपलं म्हणावं असं माझ्याकडे एवढंच होतं.

मग एकदा मालकांचा मुलगा गोंदियाहून आला. त्याने पटांगणात दौलतबाबा आणि आणखी दोन म्हाताऱ्यांना धानातून फिरताना पाहिलं. "ये बुड्ढे यहाँ टहल रहे हैं क्या?" म्हणाला, आणि काढून टाका म्हणून गेला. बडेबाबूंनी तिघांपुढे हात जोडले. "आपणास उद्यापासून येण्याची तसदी नाही." मान वर केली नाही. तिघं सरळ कामगार खात्याच्या कचेरीत गेले.

थोड्याच दिवसांत तिथले इन्स्पेक्टर आले. भला माणूस होता. खुर्चीवर बसले, चहा घेतला, तिघांना परत कामावर घ्यायला सांगितलं, आणि उठता उठता म्हणाले, "उमर देखके आदमी-आदमी में फरक मत करना, बड़े बाबू." एवढंच. जरबही नव्हती आवाजात. पण बडेबाबू सगळा वेळ उभे होते, आणि सगळ्या मिलदेखत ऐकून घ्यावं लागल्याने त्यांचे कान लाल झाले होते. त्यांचा पाय त्या दिवशी बादलीत गेला तो किती वेळ त्यांनी काढलाच नाही.

दुसऱ्या सकाळी फाटकाच्या आत फळा लागला. वयावरून कोणास हाक मारू नये. बाबा, काका, दादा, पोरी, बेटी, बुढ्ढा, लडका, सर्व बंद. प्रत्येकास श्री किंवा श्रीमती म्हणावे. ज्याच्या तोंडून चुकेल त्याने त्या दिवशी घरी जावे. कडुनिंबाखालचा बाक उचलला गेला, कारण त्यावर फक्त म्हातारे बसत. चहा आधी वयस्कांना मिळायचा, तो आता वर्णमालेप्रमाणे. आणि फळी आणि पटांगण सगळ्यांना पाळीपाळीने. कोणाला सूट नाही.

"म्हणजे दौलतबाबांनाही फळी?" मी घाबरत विचारलं. 'बाबा' तोंडातून गेल्यावर फळा आठवला, आणि जीभ चावली.

"श्री दौलत," बडेबाबूंनी दुरुस्त केलं. पहिल्या दिवशी माफ होतं. "त्यांनाही, आणि मलाही. फरक नाही म्हणजे नाही."

सुरुवातीला हसून हसून पोटं दुखली. "श्री गेंदलाल, तंबाखू हाय का जी?" "हाय ना श्री रामू, पर चुना तुमच्या श्री बापाजवळ हाय." मला कोणी 'श्रीमती' म्हटलं की मी पहिल्या दिवसासारखी मागे वळून बघे. पण हळूहळू मिल गप्प होत गेली. हाक मारायची तर ती कशी सुरू करावी तेच कळेना, म्हणून माणसं हाकच मारेनात. दौलतबाबा एकदा पाणी प्यायला माझ्यापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "दिवसभर कोनी बाबा म्हनत नाही तं मले वाटते, मी मेलो का काय, अन् मलेच कोनी सांगतलं नाही."

बडेबाबूंची फळीची पाळी आली. त्यांनी छत्री खुंटीला लावली, पण कोट काढला नाही. हमालांनी पोतं त्यांच्या पाठीवर ठेवलं. ते फळी चढले, वर पोतं टाकलं, उतरले. दम लागला होता, पण चेहरा असा उजळला होता की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"जमतं की," म्हणाले. "मी आयुष्यभर लेखणी उचललेला माणूस. मला जमतं तर श्री दौलतांना का जमू नये?"

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. मी मान खाली घालून सुतळी ओवत राहिले. ते पोतं मीच शिवलं होतं.

दौलतबाबांची पाळी आली त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मी म्हटलं, आजारी आहे म्हणा, येऊ नका.

"कायले?" ते म्हणाले. "तक्रार करून काम परत मागतलं मीच. आता काम देल्लं तं पळू का? पुन्हा त्या शेठच्या पोट्ट्याले सांगाले होईन, पाहा, बुढ्ढ्यानं होत नाही."

हे खरं होतं. फळीला नाही म्हटलं असतं तर मालकांच्या मुलाचं म्हणणं खरं ठरलं असतं आणि काम गेलं असतं. हो म्हटलं तर पाठ जाणार होती. घरी त्यांच्या आंधळ्या होत चाललेल्या बायकोशिवाय कोणी नव्हतं.

पहिलं पोतं त्यांनी नेलं. दुसरं नेलं. त्यानंतरच्याला ते फळीच्या मध्यावर थांबले. वर जाता येईना, मागे फिरता येईना, फळी नुसती डुलत राहिली. खाली सगळे हमाल उभे. सगळ्यांच्या तोंडात एकच शब्द, आणि सगळ्यांची तोंडं बंद. 'श्री दौलत' कोणाच्या तोंडी येईना आणि दुसरं म्हणायची चोरी.

"बाबा!" मी ओरडले. "बाबा, द्या ते!"

गेंदलाल दोन ढांगांत वर गेला, त्याच्यामागे आणखी एक हमाल. एकाने पोतं धरलं, एकाने माणूस. दौलतबाबांना खाली आणून पोत्यावर बसवलं. माझ्या हातातला दाभण कुठे पडला ते कळलं नाही.

बडेबाबू उघडी छत्री घेऊन आले. "कोण म्हणालं?"

मनात म्हटलं, गेलं सगळं. खोली गेली, औषध गेलं. "मी."

"आपणास नियम ठाऊक आहे?"

"आहे जी."

"मग?"

"तोंडातून गेलं," मी म्हटलं, आणि मग कुठून धीर आला कोण जाणे, "पण श्री दौलत म्हणेपर्यंत ते पडले असते."

कोणीतरी फिसकन हसलं. बडेबाबू हसले नाहीत. "पण पोतं इतकं काही जड नसतं," ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. "मी स्वतः नेलेलं आहे. माझीही पंचावन्न उलटली आहेत."

तेव्हा गेंदलाल डोकं खाजवत पुढे आला. "आपके बोरे में भूसा था, बड़े बाबू."

"काय होतं?"

"भूसा. चावल नहीं था."

"कोणी भरला?"

"सबने."

"का पण?"

गेंदलालने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "अब क्या बोलूँ… आपकी उमर देखके."

बडेबाबूंनी छत्री मिटली. मिलच्या आत ती मिटलेली आम्ही कोणी कधी पाहिली नव्हती. ते दौलतबाबांच्या शेजारी पोत्यावर बसले, आणि वरून भुसा त्यांच्या काळ्या कोटावर पडत राहिला.

दौलतबाबांचा श्वास अजून जागेवर आला नव्हता, तरी तेच समजूत घालायला लागले. "मनाले लावून घेऊ नका साहेब. पोट्टे हायेत. तुमाले भुसा देल्ला अन् मले तांदूळ. म्हंजे जीव तुमच्यावरच जास्त हाय त्यांचा."

मग बडेबाबू उठले. माझ्यापाशी आले. "नियमाप्रमाणे आपण आज घरी जायला हवं," म्हणाले. मी पदर खोचला. "उद्या सकाळी या," म्हणाले. तेच तीन शब्द, पहिल्या दिवशी म्हणाले होते तसेच. तरी मी घरी जाऊन यांना काही सांगितलं नाही, आणि भाकरी दोनदा करपवली.

सकाळी फाटकापाशी माणसं दाटली होती. फळा पुसून त्यावर बडेबाबूंच्या वळणदार अक्षरात नवीन नियम लिहिला होता: ज्यास बाबा म्हणावयाचे त्याचे ओझे प्रथम घ्यावे. नुसते तोंडाने म्हणू नये.

गेंदलालने मोठ्याने वाचून घेतलं आणि म्हणाला, "लो, फिर जादा कर दिया." पण त्याने डोक्याचं मुंडासं सोडून पुन्हा नीट बांधलं, साहेबाला भेटायला जावं तसं. बाक कडुनिंबाखाली परत आला. दौलतबाबा पटांगणात गेले ते कायमचे. तेव्हापासून टवाळीनेही कोणी कोणाला उगाच बाबा म्हणेना, कारण म्हटलं की पोतं घ्यावं लागे. बाजूच्या मिलमधले लोक आम्हाला वेडे म्हणत.

गेंदलालने एकदा बडेबाबूंनाही बाबा म्हणायला पाहिलं. आधी नियमाने त्यांच्या छत्रीला हात घातला. त्यांनी ती घट्ट धरली. "हे ओझं नव्हे," म्हणाले आणि आत गेले. त्यामुळे सगळ्या मिलमध्ये एकच माणूस असा राहिला, की ज्याला कोणी नात्याचं काहीच म्हणत नव्हतं.

पुढे मिल मालकांच्या मुलाच्या हाती आली आणि त्याने बडेबाबूंना वयामुळे घरी बसवलं. मी म्हटलं, कामगार कचेरीत जा की. म्हणाले, "तो नियम कामगारांसाठी. मी बडेबाबू." ते निघाले त्या दिवशी आम्ही सगळे छोट्या लाइनीच्या, अरुंद रुळांच्या स्टेशनावर गेलो. माझी धाकटी कडेवर होती. ट्रंक, वळकटी, छत्री, सगळं त्यांनी स्वतःच धरलं होतं आणि एका बाजूला पार झुकले होते. दौलतबाबांनी हात पुढे केला, गेंदलालने ट्रंकेची कडी धरली, पण त्यांनी कोणालाच काही दिलं नाही.

"आपण तसदी घेऊ नका," म्हणाले. "यात भुसा नाही."

गाडीत चढताना ते एकदा अडखळले. मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचाच नियम होता. ओझं घेतल्यावाचून म्हणता येत नव्हतं, आणि ओझं ते देत नव्हते.

आता यांचा पाय चालण्यापुरता बरा आहे, एका कचेरीत शिपाई लागलेत. थोरला आठवीत गेला, माझ्यापुढे दोन वर्ग. दौलतबाबा गेल्या साली गेले. न्यायला मिलमधली इतकी माणसं होती की खांदा द्यायला पाळ्या लागल्या. बडेबाबू वर्ध्याला पुतण्याकडे असतात असं कळतं. तिथल्या घरात त्यांना काय म्हणून हाक मारतात, कोणी मारतं की नाही, याचा मला उगाच घोर लागतो.

यांना सुट्टी मिळाली की मी वर्ध्याला जाणार आहे. बाजारातून येताना त्यांना रस्त्यातच गाठीन. हातातली पिशवी आधी घेईन, छत्रीही घेईन, किती ओढली तरी सोडणार नाही. माझे हात आता पोत्यांनी घट्ट झालेले आहेत. दोन्ही नीट काखेत धरीन, आणि मगच म्हणेन.